नणंदबाईंचा टँगो

माझ्या थोरल्या नणंदबाई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहेत. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. तिथली माणसं त्यांना पाठीमागे तोफ म्हणतात आणि समोर ताई. मी दोन्हीकडे ताईच म्हणते, मला माझा जीव प्यारा आहे. त्या येताना दिसल्या की धुलाईखान्यातल्या ढकलगाड्या आपण होऊन बाजूला सरकतात, असं माझा नवरा म्हणतो. तो त्यांचा सख्खा भाऊ, त्याला म्हणायचा हक्क आहे.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, अगदी दुसरं टोक. कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या बनवायचे. बोलणं मोजकं, घाई कशाशी खातात ते ठाऊकच नाही. कुलपात तार घालून कान लावून बसले की शेजारी बाँब फुटला तरी मान वर करायचे नाहीत. या माणसाला आयुष्यात एकच नाद होता. शनिवारी दुपारी दुकान बंद करायचं, पॉलिश केलेले बूट पिशवीत घालायचे आणि टँगो नाचायला जायचं. कापडाच्या गोदामावर एक लाकडी जमिनीचा हॉल आहे, तिथे. ताई कधी गेल्या नाहीत. आठवडाभर उभं राहून त्यांचे पाय सुजलेले असायचे, त्यात नाच कुठून सुचणार? भावोजींनी सुरुवातीला एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी भावोजी गेले. दुकानात बसल्या बसल्या. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, त्यात एका संध्याकाळी हॉलमधल्या काही बायका आल्या. नीटनेटक्या, ताठ पाठीच्या. त्यांतली एक दातांच्या दवाखान्यातली नर्स. ती हमसून हमसून रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "त्यांच्यासारखी मिठी कुणाचीच नव्हती हो."

टँगोत जोडीदाराला धरण्याला मिठीच म्हणतात, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, तो हातातून पडायचाच बाकी राहिला. ताईंनी त्या बाईला पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं, दार लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांनी मला जे कधी दिलं नाही असं त्या बाईला काय दिलं, ते मला कळायला हवं."

लोक म्हणतील संशय. संशय नव्हता, भावोजींकडे कुणी बोट दाखवू शकलं नसतं. दुखत होतं ते वेगळंच. आयुष्यभर संसार केला आणि नवऱ्यातलं सगळ्यात चांगलं ते शनिवारी दुपारी परक्या बायकांच्या वाट्याला गेलं, आपल्या पदरात उरलंसुरलं पडलं, हा सल. त्याने बाईंची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. मी म्हटलं, जाऊ द्या ताई, गेलेल्या माणसाचा हिशोब कुठे मांडता? तर मला म्हणाल्या, तू गप्प बस. मी गप्प बसले. आणि एके दिवशी ह्या बाई उठल्या आणि त्याच हॉलमध्ये शिकायला नाव घालून आल्या. सोबत म्हणून मला नेलं. माझं काम खुर्चीवर बसून त्यांची पर्स सांभाळायचं.

शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी ताईंची जोडी एका निवृत्त पोस्टमनशी लावली. माणूस सज्जन, पण अंगाने काडी. बाई म्हणाल्या, जोडीदाराकडे ऊर्जा पाठवा. ताईंनी पाठवली. पोस्टमनकाका माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

झालं होतं असं, की धुलाईखान्यात मोठी चादर दोघी मिळून घडी करतात. दोन टोकांना दोघी, चादर ताणून धरायची आणि मग एक झटका द्यायचा, म्हणजे सुरकुत्या पळतात. ताईंचा जन्म त्यात गेलेला. समोर माणूस उभा राहून दोन्ही हात हातात आले, की त्यांचे खांदे आपोआप झटका देतात. पोस्टमनकाका काय, तिथे पैलवान असता तरी त्याच्याही सुरकुत्या गेल्या असत्या.

शिकवणाऱ्या बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मानते. त्यांनी ताईंना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "तुमची सगळी ताकद पाऊल टाकण्यात जाते. टँगोतली ऊर्जा त्याच्या आधीची. दोघं नुसते उभे आहेत, काही हलत नाही, तरी समोरच्याला अंगाने कळतं, की आता हा इकडे निघाला."

घरी येईपर्यंत ताई धुसफुसत होत्या. म्हणे काहीच न करता करायचं! असलं काम आमच्या ह्यांनाच जमायचं.

पण सोडलं नाही हो ताईंनी. मी असते तर त्याच दिवशी बूट खिडकीतून फेकले असते. ज्या बाईला उभ्या आयुष्यात कुणी 'चुकलं' म्हणालं नाही, ती दर शनिवारी जाऊन सगळ्यांसमक्ष चुकत होती. मागे कुजबुज व्हायची ती ऐकत होती. संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. मला माहीत होतं, ताई नाचायला जात नव्हत्याच. त्या नवऱ्याला शोधायला जात होत्या, आणि तो काही सापडत नव्हता.

मग धुलाईखान्यात एक गोष्ट घडली. ताईंच्या समोर वर्षानुवर्षं चादर धरणारी जोडीदारीण मनगट दुखावल्यामुळे रजेवर गेली आणि तिच्या जागी एक नवीन बाई आली. कष्टाळू होती बिचारी, पण चादर एकदा ढिली पडायची, तर एकदा हातातून निसटायची. ताईंनी तोंडाचा पट्टा सुरू केला आणि अर्ध्यावरच थांबल्या. त्यांच्या ध्यानात आलं, की जुनीला त्यांनी कधी काही सांगितलंच नव्हतं. तिच्याकडे बघितलंही नव्हतं. कापडातूनच हाताला कळायचं, की आता ती तयार आहे. चादर ताठ, पण ओढत कुणीच नाही. समोरची जितकी धरते तितकंच आपण धरायचं. झटका मागाहून येतो, तो कुणीही देईल. ताई तशाच टोक धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ. नवीन बाईला वाटलं आपली नोकरी गेली.

त्या शनिवारी पोस्टमनकाका समोर आले तेव्हा ताईंनी खांदे सोडले आणि नुसत्या उभ्या राहिल्या. काकांनी छातीतून जरासा कल घेतला मात्र, ताईंचं पाऊल मागे गेलं. मग दुसरं. दोघांनी अख्ख्या हॉलला वळसा घातला. काका माझ्याकडे बघून असे हसले, जसं काही त्यांना पेन्शन वाढवून मिळाली.

मला वाटलं, सुटलो. पण ताईंना अजून हवं ते मिळालं नव्हतं. त्या सरळ नर्सकडे गेल्या. ती बिचारी इतके दिवस ताईंना चुकवत होती. भावोजी गेल्यापासून ती पुरुषाच्या बाजूने, म्हणजे जोडीदाराला नेत, नाचायची, कारण त्यांची पद्धत पुढे चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. ताई तिला म्हणाल्या, "मला नाचवा. ह्यांनी शिकवलं तसंच. माझ्यावर दया करून काही बदलू नका."

गाणं सुरू झालं. दोघी उभ्या राहिल्या आणि हलेचनात. बाकीच्या जोड्या निघून पुढे गेल्या, या दोघी तिथेच. मग ताईंचं पाऊल मागे गेलं, इतकं हलकं, की ही बाई तीच का असं मला वाटलं. अर्धा हॉल गेला असेल. आणि ताई मधेच थांबल्या. नर्स घाबरली, पाय लागला का विचारायला लागली. मी धावत गेले. ताईंच्या डोळ्यांना धार लागली होती. भावोजी गेले त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या.

"हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हे तर रोजचं आहे."

मग जमेल तसं सांगितलं. त्यांचं स्वयंपाकघर एवढंसं, दोघं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही. सकाळी कामावर जायची गडबड, हातात उकळतं भांडं, आणि ताई मागे न बघता गर्रकन वळायच्या. भावोजी तिथेच कुठेतरी असायचे. इतक्या वर्षांत एकदाही धक्का लागला नाही. त्या वळायच्या आधीच ते वळलेले असायचे, कधी पाठीला हात टेकल्यासारखा व्हायचा आणि ताई आपोआप दुसरीकडून जायच्या. "मला वाटायचं, मीच चपळ," ताई म्हणाल्या.

नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आम्ही त्यांना नेहमी विचारायचो, पुढचं पाऊल तुम्हाला आधी कसं कळतं? ते म्हणायचे, बायकोने शिकवलं. सकाळी स्वयंपाकघरात रोज सराव असतो. आम्हाला वाटायचं, तुम्ही मोठ्या नर्तिका असाल."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

ताईंनी पदराने तोंड पुसलं. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे इथे आणत होते ते माझंच होतं."

मी त्यांना खुर्चीकडे न्यायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, गाणं अजून चालू आहे म्हणाल्या, आणि नर्सच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवून उभ्या राहिल्या.