बाईंचा क्रूझ कंट्रोल

कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय बाईंना ती आपली वाटत नसे. नवा मिक्सर आणला, तरी पहिला दिवस त्याचे स्क्रू काढण्यात जायचा. चटणी दुसऱ्या दिवशी. रोह्याच्या शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. पुढे मी त्यांची शेजारीण झाले.

दर रविवारी आपली जुनी गाडी काढून बाई पेणला दादांकडे जात. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. विस्मरणाच्या आजारात त्यांना बहीणही ओळखू येईना. "कोणी बाई आल्यात, चहा टाक गो," असं ते सुनेला सांगत. बाई तो चहा पाहुण्यासारखा घेत आणि मग त्यांना भात भरवायला बसत.

त्यातच बाईंचा उजवा गुडघा बिघडला. ब्रेक दाबता यायचा, पण ॲक्सिलरेटरवर पाय धरून ठेवला की कळ मस्तकात जायची. मी ड्रायव्हर सुचवला.

"दादा मला ओळखत नाय, हे परक्याला कशाला दाखवू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी क्रूझ कंट्रोलचं किट मागवलं.

अंगणात बॉनेट उघडून आम्ही दोघी कामाला लागलो. छोटी मोटर बसवून तिची तार ॲक्सिलरेटरच्या केबलला जोडली; ठरवलेला वेग आता ती मोटर धरून ठेवणार होती. ब्रेकला पाय लागताच ती सुटावी म्हणून एक वायर ब्रेकच्या दिव्याकडे न्यायची होती. मी ब्रेक दाबला, तर किटवरचा दिवा लागेना. जोड चुकीच्या वायरला दिला होता. अंधारून आलं होतं, तरी बाईंनी सगळं पुन्हा उकललं. "धरतं कसं ते मागाहून बघू. सुटतं का, ते आधी बघ."

पुढच्या रविवारी पेणला जेवण झाल्यावर त्यांनी दादांना शेजारी बसवून कासू गावाच्या दिशेने गाडी काढली. मी मागे होते. रस्ता मोकळा लागला तसं बाईंनी बटण दाबलं आणि पाय अलगद मागे घेतला. गाडी त्याच वेगात चालत राहिली. दादा खाली वाकून बघत होते. एकदम ओरडले, "बबे, पाय काढू नको गो! पडशील!"

बबी म्हणजे बाई; लहानपणी त्यांना सायकल शिकवली ती दादांनीच. बाईंनी ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. "नाय पडत रे दादा," त्या म्हणाल्या. दादा खिडकीबाहेर बघत होते. पुन्हा काही त्यांनी ती हाक मारली नाही.

पावसाळा संपता संपता दादा गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "शेवटी ओळखलं ना तुम्हाला, एवढं समाधान मोठं." बाई मान हलवत.

सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"समाधान कसलं गो?" त्या म्हणाल्या. "विसरलेला का होईना, होता."