पडद्यावरचा बेरार्दोमामा

बेरार्दोमामा अब्रुझ्झोच्या डोंगरातला मेंढपाळ. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. मी सतरा वर्षांची झाले तेव्हा शिवणयंत्र खेचरावर लादून त्याने मला स्टेशनवर आणून सोडलं. त्या यंत्राच्या जोरावर मी रोममध्ये सिनेमावाल्यांचे कपडे शिवू लागले.

वर्षातून एकदा मामा माझ्याकडे यायचा. ट्राममध्ये चढला की टोपी काढायचा आणि बसलेल्या प्रत्येकाला वेगळा नमस्कार करायचा. खानावळीत पाव खाली पडला तर तो उचलायचा, ओठांना लावायचा आणि मगच खायचा. मी खिडकीबाहेर बघत बसायची.

त्या साली आमच्या स्टुडिओत एका विनोदी सिनेमाचं काम चाललं होतं, शहरात आलेल्या रानटी माणसावरच्या. दिग्दर्शकाला गमती कमी पडत होत्या. एरवी मला कुणी हाक मारत नसे. त्या दुपारी मी उठून मामाच्या नकला केल्या. सगळे डोळे पुसेपर्यंत हसले. दिग्दर्शकाने ट्राममधला नमस्कार सिनेमात घेतला, पावही घेतला.

पुढच्या खेपेला मामा आला तेव्हा सिनेमा लागलेला होता. भाचीने शिवलेले कपडे बघायचे म्हणून तो हटून बसला. मला सबब सुचेना.

रानटी माणसाने झकपक हॉटेलात जमिनीवरचा पाव उचलून ओठांना लावला आणि थिएटर दणाणलं. मागची बाई म्हणाली, असली माणसं असतात तरी का? मी मामाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. मान डोलावत होता.

बाहेर आल्यावर म्हणाला, "बरोबर केलं त्याने. लोक कशाला हसत होते?"

"नट विनोदी आहे, मामा. त्याचं तोंड बघूनच हसतात."

"त्याला आपल्याकडचा कुणीतरी भेटलाय, पोरी. शिकवल्याशिवाय इतकं जमत नाही. कोण असेल?"

सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "कोण जाणे. शंभर माणसं येतात-जातात."

"शोध की. आपला माणूस इथे असताना तू एकटी कशाला राहतेस?"

गावी जाऊन त्याने घरोघरी चौकशी केली, कुणाचा पोरगा रोमला सिनेमात आहे म्हणून. पाद्रीबाबांकडून मला पत्रं लिहवून घेतली: भेटला का? मी दर वेळी कळवलं, अजून नाही.

नाताळला त्याने मेंढीच्या दुधाच्या चीजचे दोन गोल पाठवले. एक मला, एक त्या माणसाला, भेटेल तेव्हा द्यायला. दोन्ही मीच खाल्ले.