संगणकातलं त्रिशरण

आमच्या घरात त्रिशरण म्हटल्याशिवाय कामाला सुरुवात होत नसे. बायकोने हा नियम संगणकालाही लावला होता. तो चालू केला की तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं त्रिशरण वाजायचं, मग ती शाळेच्या कामाला बसायची. ती गेल्यावरही मी ते तसंच ठेवलं. त्याच संगणकावर मी प्रुफं तपासतो.

अपडेट आलं की ती ते पुढे ढकलायची. तिच्यामागे एकदा मी होकार दिला आणि संगणक पार मंदावला. स्क्रीनवर चकती फिरत राही. बऱ्याच वेळाने तिचा आवाज येई, शब्दाच्या मध्येच अडके, पुन्हा निघे. ती बोलत असताना उठून जाणं मला जमत नसे. खुर्चीत खिळून बसायचो. सकाळ तिथेच सरायची, आणि छापखान्याचे फोन वाजत राहायचे.

शेवटी सीपीयू मांडीवर घेऊन जीपने मुरबाडला गेलो. दुरुस्तीवाल्याने तो जोडून चालू केला. दुकानात तिचा आवाज उमटला आणि अडकला. झेरॉक्ससाठी थांबलेल्या एका बाईने पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि अडकलेला शब्द स्वतः पुरा केला. शेवटपर्यंत ती तशीच साथ देत राहिली.

"कोन म्हनतं हे?" तिने विचारलं.

"माझी बायको."

"घरी हायेत?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तिने पिशवी उचलली.

दुरुस्तीवाला स्क्रीनकडे बघून हसला. "सर, ही तर म्हशाची जत्रा, नुसती गर्दी! चालू केला का सगळे प्रोग्राम एकदम धावतात. अपडेटनं आनखी आनून बसवलेत. बंद करू?"

"करा."

"हा आवाज पन?"

"तो नको."

"मंग तेवढा ऱ्हाऊ दे. बाकीची जत्रा उठवतो."

आता संगणक झटकन सुरू होतो. तिचा आवाज कुठेही न अडखळता येतो आणि श्वास घ्यावा इतक्यात संपतो. समोर प्रुफं उघडलेली असतात. आता थांबायला कारण उरलेलं नाही.

मी संगणक बंद करतो. पुन्हा चालू करतो.