पहिल्या बोंडाची सवाष्ण

उंद्रीच्या शिवारात कापूस फुटला की शेषरावाच्या घरून पहिला सांगावा जायचा तो रुखमाबाईला. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. वेचणी सवाष्णीच्याच हातानं धरायची, अशी रीत होती. वावरातलं दांडगं झाड निवडायचं, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, नवऱ्याचं नाव घ्यायचं आणि मग पहिलं बोंड ओटीत. रुखमाबाईचा हात बरकतीचा, म्हणून तो मान तिचा. आणि मान जिचा, तिला हंगाम सरेपर्यंत कामावरून कोणी हलवत नसे. बाकीच्या बायांना रोज सकाळी बांधावर उभं राहावं लागे. कोणाला घ्यायचं नि कोणाला परत लावायचं, ते शेषरावाची बायको, मालकीण सत्यभामाबाई ठरवी. रुखमाबाईला स्वतःचं वावर नव्हतं, पदरी दोन पोरी होत्या. वेचणीवरच त्यांचं पोट.

त्या वर्षी तिचा नवरा कडूबा दसऱ्यालाच खामगावला गेला होता. सरकी काढायचा जिन कारखाना सुरू व्हायच्या आधी दारात जाऊन बसलं, तरच तिथं हंगामी काम लागे.

वेचणीच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, नजीर गाडीवान विहिरीपाशी थांबला. खामगावाहून मीठ-घासलेट घेऊन आला होता.

"भाबी, घागर खाली ठेव."

तिनं ठेवली नाही.

"कडूबाले काम लागलं होतं. मंग तापच भरला. दवाखान्यात नेला आमी, पन..." त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "लाकडं आमीच रचली, माय."

घागर हिंदकळून लुगडं कमरेपासून भिजलं.

"कोनाले सांगतलं?"

"तुलेच पयले."

"मंग सांगू नको, नजीरभाऊ. उद्याचा दिवस जाऊ दे."

"काय बोलून राह्यली तू? तुमच्यात सुतक पायतेत ना!"

"भुंड्या कपाळाच्या बाईले कोन वेचनी धरू देते? मी घरात बसली त जागा गेली. पोरीइले काय खाऊ घालू?"

नजीर मान खाली घालून गाडीवर चढला.

सकाळी तिनं कुंकू लावलं. पोरींना काही सांगितलं नाही.

वावरात बायांचा कालवा चालला होता. "घे व नाव!" कौशल्याबाई ओरडली. "नवरा जिनात गेला, त जीभ बी संगं घेऊन गेला काय?" सगळ्या खिदळल्या.

रुखमाबाईनं डोळे मिटले. "बोंडात सरकी, सरकीत तेल, कडूबाचं नाव घेते, दहीभाताची येळ."

पहिलं बोंड ओटीत पडलं. निभलं एकदाचं, असं तिला वाटलं. सत्यभामाबाई दहीभात वाटू लागली. कोकिळा, नवी लग्न होऊन आलेली पोर, बोटं चाटत रुखमाबाईला म्हणाली, "घरी बी करता का व मावशी, असा?"

"करतो ना. त्याइले लय आवडे."

सत्यभामाबाईचा हात थांबला.

"रुखमे, आवडे म्हन्ली का आवडते?"

एवढंच जोडायचं होतं. चुकलं बाई, आवडते, असं हसून म्हणायचं. नाव घेणं जमलं होतं तिला; नाव मेल्या माणसाचंही घेता येतं. पण कडूबा कुठंतरी बसून भात खातोय, हे तिच्या तोंडातून निघेना.

"आवडे," ती म्हणाली, आणि झाडांच्या दोन ओळींमधल्या तासातच खाली बसली.

कौशल्याबाईच्या हातातला द्रोण पडला. तिनं धावत येऊन रुखमाबाईला छातीशी धरलं. "अव माय व! कवा?"

"काल समजलं."

सत्यभामाबाई त्या कुंकू लावलेल्या झाडाकडं बघत राहिली. तिनं शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. तांब्यातलं पाणी झाडावर ओतलं, कोकिळेला पुढं बोलावलं आणि हळदकुंकवाचं ताट तिच्या हाती दिलं. मग इकडं न बघताच म्हणाली, "तिले घरी ने, कौशल्या. रुखमे, तेरावा झाला की ये. पाहू."

तेराव्यानंतर रुखमाबाई गेली. उघड्या कपाळानं बांधावर बायांमध्ये उभी राहिली. कोकिळेनं तिला पाहिलं आणि मान वळवून वेचू लागली. सत्यभामाबाईनं बोट दाखवत बाया घेतल्या. तिच्यापाशी आल्यावर बोट जरा अडलं आणि पुढच्या बाईवर गेलं.

रुखमाबाईनं रिकामी ओटी सोडून पदर खांद्यावर घेतला. पलीकडच्या वावरात अजून बाया घेत असतील, म्हणून पाय उचलले.