मागून हाक

होडीकडे निघालेल्या माणसाला आमच्याकडे मागून हाक मारत नाहीत. मारली तर तो समुद्रावरून धड परत येत नाही, असं मानतात. बाबा कधी भाकरीचं गाठोडं विसरले तर आई माडांच्या बागेतून धावत पुढे जायची आणि त्यांच्यासमोर उभी राहून ते हातात द्यायची. हाक मात्र मारायची नाही.

विजयदुर्गाजवळच्या आमच्या वाडीतून एम.ए.ला जाणारी मी पहिलीच. आई मासे विकायची. माझं सामान बांधताना म्हणाली, "इतक्या शिकान काय करतलंस गो? बांगड्याचो भाव इंग्रजीत सांगतलंस?" आणि स्वतःच हसली. फोंडाघाट चढून एसटी कोल्हापूरला निघाली तेव्हा मला रडू आलं, पण मागे वळून पाहिलं नाही.

लोकसाहित्याच्या तासाला सरांनी सांगितलं की जगभरच्या वीरकथांचा सांगाडा बहुधा एकच असतो. नायक घर सोडतो, अनोळखी मुलखाचा उंबरठा ओलांडतो. कोणी जाणतं माणूस त्याला मदत करतं. तो संकटांतून पार पडतो आणि घरच्यांसाठी काहीतरी मिळवून परत येतो. मी भारावून ऐकत होते. घाट माझा उंबरठा होता. जुनी पुस्तकं फुकट देणाऱ्या ग्रंथपाल बाई माझ्या जाणत्या होत्या. पदवी घेऊन आईसमोर उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. सरांचे उपकार मी आजही मानते.

शेवटच्या वर्षी परीक्षा चालू असताना रविवारी घरी फोन केला. बाबांनी उचलला.

"आई खंय आसा?"

"बाजारात गेली."

"इतक्या उशिरापर्यंत?"

"आज म्हावरा खूप इला. तू अभ्यास कर, चेडवा."

आई तेव्हा आतल्या खोलीत होती. कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. बुधवारी ती गेली. शुक्रवारी माझा शेवटचा, लोकसाहित्याचा पेपर होता. वीरकथांच्या सांगाड्यावरच प्रश्न आला. मी सहा पानं लिहिली, पुरवणी मागून घेतली. नायकाच्या परतण्याबद्दल इतकं मनापासून मी पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

शनिवारी घरी पोचले. दारात बाबा बसले होते. डोकं भादरलेलं. मला सांगायची कोणाला गरज पडली नाही.

शेजारची काकी नंतर म्हणाली, आई शुद्धीत असेपर्यंत एकच विचारत होती, "चेडू कधी येतलां?" आणि बाबा प्रत्येक वेळी सांगत होते, "पेपर संपले की." नातेवाइकांनाही त्यांनी बजावलं होतं की कोणी मला फोन करायचा नाही.

"माका कित्याक नाय सांगलास?" मी ओरडले.

"तू वाटेर होतंस," बाबा म्हणाले. "वाटेर असलेल्याक पाठसून हाक मारूची नसता."

त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. निकाल लागला. त्या पेपरात मी विभागात पहिली आले. गुणपत्रिका आईच्या फोटोपुढे ठेवायला बाबांनी मागितली. मी दिली नाही.

आता मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तोच सांगाडा फळ्यावर काढते. घरी थांबलेल्या माणसांसाठी त्यात जागा नसते. नायक परत येतो तेव्हा घर जसंच्या तसं असतं, असं सगळ्या कथांनी गृहीत धरलेलं असतं. मुलं उतरवून घेतात आणि मी पुढे जाते.

गेल्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. बाबा जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तेव्हा तुका बोलवलं असतंय, तर पेपर दिलं असतंस?"

"नाय. धावत इलंय असतंय."

"आणि मगे परत गेलं असतंस?"

आईच्या मागे बाबांना एकटं टाकून मी घाट पुन्हा चढले असते का, याचा मी खरोखर विचार केला.

"नाय," मी म्हणाले.

बाबांचे हात थांबले. "मगे माका सांग," ते म्हणाले, "मी काय करूक व्हया होतां?"

त्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. इतकी वर्षं त्यांनाही झोप लागली नसावी. मी त्यांच्याशेजारी वाळूत बसले आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं.