धूळ मोजायच्या दिवशी

लॉस एंजेलिसजवळ स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापणाऱ्या कारखान्यात फिदेन्सिओ कडा घासायचा. त्याच कामाने त्याच्या मेहुण्याच्या, चेलोच्या फुप्फुसात धूळ बसली होती. चेलो आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून घरी बसून असे.

त्या दिवशी हवेतली धूळ मोजायला सरकारी बाई आल्या. मुकादम रुतिलिओने आधीच फरशी धुवून घेतली होती आणि एरवी कोरड्या चालणाऱ्या यंत्रांना पाणी जोडलं होतं. बाईंनी फिदेन्सिओच्या कमरेला धूळ ओढणारा छोटा पंप बांधला आणि त्या पुढच्या कामगाराकडे वळल्या.

"तू आज बाहेर गाडी भर," रुतिलिओ हळूच म्हणाला.

"रोज कडा घासतो मी, मग आजच गाडी का?"

"शहाणपणा नको. कारखान्याला टाळं लागलं तर खाशील काय?"

"चेलो काय खातो, ते विचारलंस कधी?"

फिदेन्सिओ आपल्या जागेवर गेला. त्याने पाणी बंद केलं आणि यंत्र कोरडंच चालवलं. पांढरा लोट उठला. रुतिलिओ यंत्र बंद करायला बटणाकडे धावला, तसा फिदेन्सिओने त्याचा हात झटकला. बाई नाक दाबून आल्या.

"बाई, रोज असंच चालतं. पाणी फक्त तुमच्यासाठी आलंय," फिदेन्सिओ म्हणाला.

बाईंनी मग प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं. धूळ मर्यादेच्या कितीतरी पट निघाली. कोरडी कापणी बंद झाली, धूळ खेचणारे पंखे बसले. फिदेन्सिओला मात्र मालकाने काढून टाकलं. त्याबद्दल त्याने सरकारकडे तक्रार केली. तिची चौकशी अजून चालू आहे.

"तुझा राग गेला का रे?" चेलोने धापा टाकत विचारलं.

"नाही, आणि जाऊ देणारही नाही."