साखर-मिठाचं पाणी

घोडेगावहून एसटीनं तासभर वर चढलं की लंकाबाईचं गाव लागायचं. तिथं ती अंगणवाडीची बाई. स्वभावानं खमकी. कुणाचं पोर हगवणीनं मलूल झालंय असं कानावर आलं की पदर खोचून निघायची आणि अंगारा लावत बसलेल्या सासवांना चार शब्द सुनावून उकळून गार केलेलं पाणी मागायची. त्यात चिमूटभर मीठ, मूठभर साखर, आणि मग चमच्याचमच्यानं पाजत बसायचं. अशी पोरं तिनं मरणाच्या दारातून ओढून आणली होती. गावात तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला ठाऊकही होतं.

एकुलता मुलगा संपत लग्नाचा झाला तेव्हा तिनं बाहेर स्थळ बघितलंच नाही. पिंपळवंडीला भावाच्या दारात गेली आणि भाची जया मागून आणली. मामाची मुलगी म्हणजे हक्काची. त्यात जया आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

सत्त्याण्णव साली जयाला मुलगी झाली. चौथ्या दिवसापासून पोरीला पाण्यासारखे जुलाब लागले. लंकाबाईनं वाटी-चमचा घेतला. जितकं पाजावं तितकं बाहेर पडे, आणि ती म्हणे, कमी पडतंय, अजून पाजू. नवव्या दिवशी तालुक्याला नेताना पोर वाटेतच गेलं, आजीच्या मांडीवर.

दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली आणि पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी लंकाबाईनं वाटी काढली नाही, सगळ्यांना घेऊन थेट पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटे सगळं थांबवलं, अगदी आईचं दूधसुद्धा. जुलाब थांबले. मग फळातल्या साखरेवर बनवलेलं वेगळं दूध सुरू केलं आणि पोरगी बाळसं धरू लागली. तिचं नाव संस्कृती ठेवलं. सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं होतं, त्याचा निकाल यायला काही महिने लागले.

"आतड्यात साखर आत घेणारी दारं असतात," डॉक्टरीणबाईंनी सासू-सुनेला समोर बसवून सांगितलं. "ती कशी घडवायची ते एका जनुकात लिहिलेलं असतं. बावीस नंबरच्या गुणसूत्रावर त्याची जागा सापडली आहे. या मुलीला आई आणि बाप, दोघांकडूनही ते जनुक बिघडलेलंच आलंय. दुधातली साखर काय नि साधी साखर काय, आत जात नाही. आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी ओढून घेते. फळातली साखर तेवढी दुसऱ्या दारानं आत जाते. नवरा-बायको नात्यातले का?"

"मपल्या भावाची लेक," लंकाबाई म्हणाली. "मीच मागून आणली." मग न विचारताच तिनं पुढचंही सांगितलं. "पहिलीला मी साखरेचं पाणी पाजलं व्हतं. लई पाजलं."

तुमचं चुकलं नाही, असं मूल लाखात एखादं, बाकीच्या पोरांना तेच पाणी देत जा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. पण खऱ्यानं जिवाला थंडावा मिळतोच असं नाही.

परतीच्या एसटीत जया पोरीला घेऊन खिडकीशी बसली होती. आता ही मला बोलेल, आणि बोलायलाच हवं, असं लंकाबाईला वाटत होतं. मंचर मागं पडलं तरी जया पोरीला थोपटतच होती. शेवटी लंकाबाईच म्हणाली, "जये, मीच मारली गं तिला."

जयानं मान हलवली. "तुमी दिसाला चार वाट्या पाजल्या, आत्या. मी तर तिला सारखी अंगावर घेत व्हते. जरा रडली की घ्यायची."

काही झालं तरी अंगावरचं दूध तोडू नकोस, असं तेव्हा जयाला लंकाबाईनंच बजावलं होतं.